पदवीनंतर किती महिने राहता येतं, यावरून देश ठरवावा का?

मलप्रभाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला. बेळगावात मेकॅनिकलचं बीई केलं आणि सध्या उद्यमबागेत एका हायड्रॉलिक्सवाल्याकडे सीएनसीचे प्रोग्रॅम लिहितोय. सप्टेंबर २०२६ च्या मास्टर्ससाठी तीन ठिकाणी जमतंय: इंग्लंडचं एक वर्षाचं, अमेरिकेचं दोन वर्षांचं आणि जर्मनीचं दोन वर्षांचं (शिकवणं इंग्रजीत).

रँकिंग, फी, थंडी यावर सगळेच बोलतात. मला भीती वेगळ्याच गोष्टीची आहे. डिग्री हातात पडल्यावर नोकरी शोधायला कायदा किती वेळ देतो, आणि तेवढ्यात नाहीच जमलं तर? बाबा परिवहन महामंडळातून रिटायर झालेत. थोडी शेती आहे, ती तारण ठेवायला ते तयार आहेत, मी नाही. तर देश निवडताना हे 'नंतरचे महिने' आधी बघायचे की शेवटी? जे तिकडे आहेत आणि जे परत आलेत, दोघांनीही सांगा.

निपाणीचा धूर

तीन-तीन ॲडमिशन? आम्हाला पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स मिळालं नव्हतं. मी फक्त वाचतोय.

शहापूर व्हाया ऑस्टिन

अमेरिकेचं मी सांगतो, सध्या त्यातच आहे.

एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर शिकलास की ओपीटी (शिकून झाल्यावर काम करायची परवानगी) मिळते, १२ महिने. मेकॅनिकल स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) येतं, म्हणून वर आणखी २४. झाली तीन वर्षं. हे ऐकून घरी पेढे वाटतात. खरं पहिल्या बारा महिन्यांत बिननोकरीचे सगळे मिळून ९० दिवसच चालतात, आणि ते मोजतात ईएडी, म्हणजे कामाच्या परवान्याच्या कार्डावर छापलेल्या सुरुवातीच्या तारखेपासून. शनिवार, रविवार, ख्रिसमस सगळं धरून. स्टेमची मुदतवाढ मिळाली की ती मर्यादा एकूण १५० होते, बस.

ही सुरुवातीची तारीख आपणच मागायची असते, कोर्स संपल्यापासून ६० दिवसांच्या आतली. पोरं इथंच घाई करतात. कधी एकदा कामाला लागतो असं झालेलं असतं, मग लवकरची तारीख टाकतात आणि ऑफर हातात नसताना दिवस पडायला लागतात. आमच्या रूमवर फ्रिजला एक कागद चिकटवलेला होता. ज्याला नोकरी नाही त्याच्या नावापुढे रोज रात्री एक रेघ, दुधवाल्याच्या हिशोबासारखी. पाच रेघा झाल्या की आडवा काट. साठीच्या पुढं गेलेल्या माणसाला भांडी घासायला कोणी सांगायचं नाही.

स्टेमच्या २४ महिन्यांसाठी कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी यंत्रणेत नोंदलेली लागते. शिवाय आय-९८३ नावाचा फॉर्म असतो, त्यात या पोराला काय शिकवणार ते साहेबानं लिहून सही करायची. मोठ्या कंपनीत एचआर ते करून टाकतं. लहान वर्कशॉपवाला मात्र म्हणतो, पोरगा कामाचा आहे खरं हे कागद कोण भरत बसणार?

आणि मेकॅनिकलवाल्यांसाठी खास: विमान आणि संरक्षणातल्या बऱ्याच नोकऱ्या निर्यात-नियंत्रणाच्या कायद्यामुळं तिथले नागरिक नाहीतर ग्रीन कार्डवाले यांनाच मिळतात. बेळगावच्या पोरांचा हात नेमका एअरोस्पेसच्या पार्टवर बसलेला असतो. जाहिरात वाचली की वाटतं आपल्यासाठीच काढलीय, आणि खालच्या ओळीत 'यूएस पर्सन' लिहिलेलं असतं.

टिळकवाडी काकू

माझी भाची डॅलसला आहे. तिची आई दर मार्चला सोमवार धरते. ती एच-१बीची, कामाच्या व्हिसाची लॉटरी म्हणजे खरंच चिठ्ठ्या काढतात की नुसतं म्हणायची पद्धत आहे?

शहापूर व्हाया ऑस्टिन

काकू, खरंच काढतात, कॉम्प्युटरवर. वर्षाला ६५,००० जागा, अधिक तिथलं मास्टर्स असलेल्यांना २०,०००. कंपनीनं मार्चमध्ये नाव घालायचं, लागलं तर १ ऑक्टोबरपासून काम. स्टेमची तीन वर्षं धरली तर साधारण तीन मार्च मिळतात, तेही कंपनी दरवर्षी नाव घालायला राजी असेल तर.

त्यात आता सगळ्यांची चिठ्ठी सारखी राहिली नाही. २०२६ च्या मार्चपासून पगाराच्या पातळीप्रमाणं वजन आहे. सगळ्यात वरच्या पातळीवाल्याचं नाव चारदा पडतं, सगळ्यात खालच्याचं एकदा. कॉलेजातून नुकतंच बाहेर पडलेलं पोरगं कुठल्या पातळीवर असणार ते तुम्हीच बघा. राहिला तो एच-१बीच्या अर्जावरच्या एक लाख डॉलर फीचा बडगा, सप्टेंबर २०२५ चा. तो भारतातून नव्यानं बोलावलेल्यांना आहे. तिथंच एफ-१ वर असलेल्याचा दर्जा बदलताना लागत नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झालाय. म्हणजे आत असलेला आत, बाहेर पडलेला बाहेर. भाचीला म्हणावं, अर्ज लटकलेला असताना लग्नाला इकडं येऊ नको.

टिळकवाडी काकू

लग्न तिचंच आहे.

निपाणीचा धूर

न बोलायचं ठरवलं होतं खरं हे वाचून राहवेना. मंडप ऑस्टिनला घाला, आम्ही ऑनलाइन अक्षता टाकतो.

लेस्टरचा वडगावकर

इंग्लंडचं सांगतो. इथं नंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा आहे, १ जुलै २०२१ ला सुरू झाला. त्याच्या आधी ही सोय नऊ वर्षं बंद होती, २०१२ मध्ये काढून टाकली होती. म्हणजे आज आहे म्हणून उद्या असेल असं धरून चालू नये. याचं चांगलं असं की स्पॉन्सर लागत नाही आणि कुठलंही काम चालतं. बेकार राहिलास तरी कोणी दिवस मोजत नाही.

सध्या दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने (पीएचडीवाल्यांचे तीन वर्षं तसेच राहतात). मलप्रभाकाठ, तू सप्टेंबर २०२६ ला आलास तर कोर्स संपेल २०२७ ला. तुला १८च. कॉलेज रोडवर एक एजंट अजून 'टू इयर्स गॅरंटी'चा बोर्ड लावून बसलाय, गेल्या महिन्यात माझ्या चुलत भावाला त्यानं तेच सांगितलं.

खरी गोष्ट पुढं आहे. हे १८ महिने कायमचे नाहीत, ते संपायच्या आत स्किल्ड वर्कर व्हिसावर चढायचं. त्यासाठी बाहेरच्या माणसाला स्पॉन्सर करायचा परवाना असलेला मालक हवा आणि पगार ४१,७०० पौंड. नवख्यांना सवलत आहे, ३३,४०० पर्यंत, खरं ती सवलत एकूण चारच वर्षं, आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळही त्या चारांतच मोजला जातो! कायमच्या वास्तव्याच्या वर्षांत मात्र तो धरत नाहीत. लंडनबाहेर मेकॅनिकलच्या फ्रेशरला ३३,४०० मिळणंसुद्धा सोपं नाही. आणि वेअरहाऊसमध्ये कितीही चांगलं काम केलंस तरी तो मालक तुला त्या कामावर स्पॉन्सर करू शकत नाही, कामाची पातळीच पदवीची लागते.

एक कर. परवानाधारक मालकांची यादी इथलं सरकार वेबसाइटवर फुकट टाकतं. ॲडमिशन घ्यायच्या आधी ती उघड, तुझ्या धंद्यातल्या कंपन्या शोध, मग ठरव. ब्रोशर नंतर वाच.

जुना बेळगावकर

सगळं वाचलं. एक सांगू? आमच्या वेळी माणूस विषय बघून जायचा. तुम्ही लोक पाहुण्याच्या घरी जाण्याआधी विचारता, मला किती दिवस ठेवून घेणार. ज्याला काम येतं त्याला कुठलाही देश सोडत नाही. कोर्स चांगला बघ, प्राध्यापक बघ, बाकी सगळं आपोआप होतं. सरकारी नियम दर दोन वर्षांनी बदलतात, त्यावर आयुष्य बांधू नये.

ओंटारिओ रिटर्न

काका, रागावू नका, खरं काम येणाऱ्यालाही सोडतात. मला सोडलं.

मी कॅनडाचा. तिकडचं पीजीडब्ल्यूपी, म्हणजे शिकून झाल्यावरचं कामाचं परमिट, जन्मात एकदाच मिळतं. मला पूर्ण तीन वर्षांचं होतं. म्हणजे या धाग्यात ज्याची चर्चा चाललीय ते 'महिने' माझ्याकडे कोणापेक्षाही कमी नव्हते. मग परत का आलो? कारण महिना आणि महिना सारखा नसतो. तिथल्या अनुभवावर पीआर (कायमचं वास्तव्य) मागायचं तर एक वर्षाचं कुशल काम लागतं, त्यांच्या टीअर नावाच्या वर्गवारीत ० ते ३ मध्ये बसणारं. दुकानात माल लावणं, गाडी चालवून जेवण पोचवणं त्यात येत नाही. भाडं भरायला मी तेच पहिलं धरलं, सगळे धरतात. धंद्यातली नोकरी लागेपर्यंत परमिट अर्ध्याच्या खाली आलं होतं. मग गुणांची कटऑफ वर चढली. मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे वेगळे गुण मिळायचे तेही काढून टाकले. मग विमान.

आता हत्तरगीला एसईझेडमध्ये आहे, बरं चाललंय. संध्याकाळी पिग्मीवाला दारात येतो तेव्हा अजून विचारतो, 'साहेब, परत कधी जाणार?'

मलप्रभाकाठला एवढंच: किती महिने हे विचारू नको. त्या महिन्यांत कुठलं काम 'धरतात' ते विचार. आणि कॅनडाला नंतर कोणी जाणार असेल तर, कॉलेजच्या डिप्लोम्याला आता विषयाची अट आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटचा अर्ज केलेल्यांना यादीतल्या विषयाचाच कोर्स चालतो. विद्यापीठाच्या बॅचलर आणि मास्टर्सला ती अट नाही, भाषेची आहे.

काळी फीत

थांबा थांबा. कॅनडाचा नियम १ नोव्हेंबर. जर्मनीचं एपीएस सर्टिफिकेट (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं) भारतीयांना सक्तीचं झालं तेही १ नोव्हेंबर, २०२२ ला. बेळगावचं बेळगावी झालं १ नोव्हेंबर २०१४. या तारखेपासून सांभाळून राहा, असं आम्ही १९५६ पासून ओरडून सांगतोय.

निपाणीचा धूर

आपला सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तिथं ९० दिवसांचा नियम असता तर?

व्यवस्थापक

सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, पानंही भरपूर झालीत. इथं व्हिसावरच बोला.

श्टुटगार्टचा चिकोडकर

जर्मनीवर कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो.

इथं डिग्रीनंतर १८ महिने मिळतात नोकरी शोधायला, आणि त्या काळात पोटासाठी कुठलंही काम करता येतं, वेगळी परवानगी लागत नाही. लॉटरी नाही. कायद्याच्या अटी पुऱ्या झाल्या की कार्ड मिळतं. ब्लू कार्डला, म्हणजे पदवीवाल्यांच्या कामाच्या परवान्याला पगाराची अट आहे. इंजिनियर आणि नुकतेच पास झालेल्यांना ती कमी, २०२५ मध्ये वर्षाला ४३,७५९.८० युरो होती, दर जानेवारीला थोडी वाढते. तेवढा पगार नसला तरी साध्या कुशल कामगाराच्या परवान्यावर राहता येतं. इथली डिग्री असेल तर दोन वर्षं नोकरी करून बी१ पातळीची जर्मन भाषा असली की कायमचा परवाना मागता येतो. ऑस्टिनच्या भावाला विचारा, त्याच्या ग्रीन कार्डची रांग कुठं आहे.

आता दुसरी बाजू. कोर्स इंग्रजीत आहे हे आमिष आहे. मशीन टूलचा खरा धंदा इथं खेड्यापाड्यातल्या मध्यम कंपन्यांत आहे, चारशे-पाचशे माणसांची फॅक्टरी, मालक तिसऱ्या पिढीचा. काम तेच, तुझं उद्यमबागेतलं. मी इंटरव्ह्यूला गेलो तर साहेबानं मला थेट शॉपवर नेलं, ड्रॉइंग हातात दिलं आणि फोरमनला म्हणाला, याला विचार. फोरमननं जे विचारलं ते मला समजलं, कारण प्रश्न टॉलरन्सचा होता आणि आकडे सगळीकडे सारखेच. उत्तर द्यायला मात्र तोंडात शब्द नाहीत. खिशातून पेन काढून ड्रॉइंगवरच खुणा केल्या. ती नोकरी लागली नाही. पुढची लागली, तोवर बी१ झालं होतं. ज्यांचं भाषेकडं दुर्लक्ष झालं त्यांचे १८ महिने बर्लिनच्या डिलिव्हरी सायकलीवर गेलेत.

खर्च: सरकारी विद्यापीठांना बहुतेक ठिकाणी फी नाही. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मात्र युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे. शिवाय ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवायचे. ते पैसे आपलेच असतात, महिन्याला थोडे थोडे सुटतात. आणि हो, आधार कर्नाटकातलं असल्यामुळं व्हिसाला बेंगळूरुच गाठायचं, मुंबई चालत नाही. पुण्यातला मामा उपयोगाचा नाही.

काळी फीत

म्हणजे जर्मनीनंसुद्धा आम्हाला कर्नाटकात घातलं.

व्यवस्थापक

शेवटची ताकीद. 🙂

सोसायटीचा सेक्रेटरी

मुलांनो, व्हिसाचे महिने सगळे मोजताय, कर्जाचे कोणी मोजत नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे कोर्स अधिक एक वर्ष सूट असते, मग हप्ता सुरू. नोकरी असो नसो. सूट असते ती हप्त्याला, व्याज त्या काळातही चढतच असतं. म्हणजे वडगावकरांचे १८ महिने पुरे व्हायच्या सहा महिने आधी बँकेचा हप्ता सुरू झालेला असणार. दोन्ही तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, देश त्यावरच निम्मा ठरतो.

दुसरं, मी स्वतः क्रेडिट सोसायटीत आहे म्हणून सांगतो, शिक्षणासाठी आमच्याकडून कर्ज काढू नका. घरच्या माणसाचं म्हणून कागद लवकर होतात, हे खरं. खरं आयकरात (जुन्या कायद्याचं कलम ८०ई) व्याजाची वजावट मिळते ती बँक किंवा सरकारनं अधिसूचित केलेल्या वित्तसंस्थेच्या कर्जाला, आठ वर्षांपर्यंत. गल्लीतल्या पतसंस्थेच्या कर्जाला नाही. परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते त्या कराचं, टीसीएसचंही तसंच. १ एप्रिल २०२५ पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर तो लागत नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांवर गेलात की लागतो. आमच्या चेअरमननं हे वाचलं तर माझी नोकरी जाईल, मग मीही व्हिसा बघतो.

जुना बेळगावकर

सेक्रेटरींचं बोलणं पटलं. बाकी माझं मत तेच आहे. नियमाकडं बघून विषय निवडलेली मुलं मी बघितलीत. स्टेमची २४ महिने वाढ मिळते म्हणून कॉमर्सची पोरं डेटा ॲनॅलिटिक्सला जातात, आणि ना धड इकडचे ना तिकडचे होतात.

शहापूर व्हाया ऑस्टिन

काका, ते बरोबर आहे, पण दोष पोरांचा नाही. विद्यापीठंच कोर्सचा कोड बदलून स्टेममध्ये घालतात आणि पहिल्या पानावर जाहिरात करतात.

आणि चिकोडकर, रांगेचं मान्य. भारतीयांची ईबी-२ ची (मास्टर्सवाल्यांच्या ग्रीन कार्डची) रांग दहा वर्षांच्या पुढची आहे. पण पगाराचंही बोला की. इथं तीन वर्षं पूर्ण मिळाली आणि मग परतावं लागलं तरी कर्ज फिटून चार पैसे उरतात. तुमच्याकडं कर कापून हातात काय येतं? मलप्रभाकाठला कायम राहायचंय की कर्ज फेडून यायचंय, हे त्यानं सांगितलंच नाही. त्यावर उत्तर उलटं होईल.

श्टुटगार्टचा चिकोडकर

हातात कमी येतं, नाकारत नाही. पण कर्जही तुझ्या एक चतुर्थांश होतं. तीन वर्षं 'मिळाली तर' हे तूच वर लिहिलंयस.

मलप्रभाकाठ

एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सेक्रेटरीकाकांनी सांगितलं तसं तिन्ही देशांचं कागदावर मांडलं: कोर्स कधी संपतो, व्हिसा कधी संपतो, हप्ता कधी लागतो. इंग्लंड त्यातच गळालं. एका वर्षाचा कोर्स, त्यात डिसर्टेशन, आणि नोकरीचे अर्ज करायची पहिली संधी म्हणजे पोचल्या पोचल्या. वडगावकरांच्या यादीत हायड्रॉलिक्सच्या कंपन्या सापडल्या, पण बहुतेकांच्या जाहिराती अनुभवी माणसांसाठी.

ऑस्टिनच्या दादांचा प्रश्न बरोबर आहे. मला कायम राहायचंय का, माहीत नाही. आईला वाटतं यावं, बाबांना वाटतं राहावं. मला हे ठरवायला वेळ मिळेल असा देश पाहिजे, आणि ९० दिवसांच्या रेघा मारत ते ठरवता येईल असं वाटत नाही. म्हणून जर्मनीकडं झुकतोय. कर्जही बाबांच्या पेन्शनवर आणि माझ्या बचतीवर निघेल असं बँक म्हणतेय, शेत लागणार नाही. अमेरिकेचं डिपॉझिट भरायला अजून मुदत आहे, म्हणून ते दार बंद केलेलं नाही.

चिकोडकर, सध्या जर्मनचं ए१ (पहिली पातळी) चालू आहे, आठवड्याला तीन संध्याकाळ. निघेपर्यंत ए२ होईल. पुरे की अपुरं?

श्टुटगार्टचा चिकोडकर

अपुरं. इथं आल्यावर पहिल्या सेमिस्टरपासून विद्यापीठाचा भाषावर्ग धर, फुकट किंवा स्वस्त असतो, जागा पटकन भरतात. आणि दुसऱ्या वर्षी कंपनीत 'वेर्कश्टुडेंट' (शिकता शिकता अर्धवेळ काम करणारा) म्हणून लाग. आठवड्याला २० तासांपर्यंत चालतं सेमिस्टर चालू असताना. इथल्या बहुतेक आपल्या पोरांना पहिली नोकरी तिथंच मिळालीय जिथं थिसिस केला. तसं झालं तर १८ महिन्यांतले दोन-तीनच वापरावे लागतील.

टिळकवाडी काकू

येताना सगळ्यांसाठी काय न्यायचं ते आत्ताच ठरव. कुंदा टिकतो चांगला, मी डबा देते.

श्टुटगार्टचा चिकोडकर

काकू, कुंदा नको. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. चटणीपूड चालते.

ओंटारिओ रिटर्न

मलप्रभाकाठ, जायच्या आधी एका रविवारी हत्तरगीला ये. तुझ्या उद्यमबागेतल्या कामाचं अनुभवपत्र कसं लिहून घ्यायचं ते सांगतो. मशीनचं नाव, कंट्रोलर, कुठलं मटेरियल, किती टॉलरन्स, सगळं त्यात पाहिजे. 'वर्तणूक चांगली होती' एवढंच लिहिलेलं पत्र कुठल्याच देशात चालत नाही.

मलप्रभाकाठ

येतो दादा. मालकाला विचारलं होतं, त्यांनी नेमकं तेवढंच लिहून दिलंय.